आईसाठी राखलेली जागा

प्रिय बारके,

आधी माझी तक्रार नोंदवून घे, मग बाकीचं. शनिवारी तुझ्या कामासाठी मी कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो आणि तिथे मला बसायला तीन पायांचं स्टूल मिळालं. मुळात त्याला चार पाय असावेत. चौथा कुठे गेला याचा खुलासा दुकानदाराने केला नाही, त्याच्या जागी प्रिंटरचा रिकामा खोका सारून दिला होता. दोन पुस्तकं नावावर असलेला, दर आठवड्याला पेपरातून जगाची अक्कल काढणारा बावन्न वर्षांचा माणूस पाऊण तास त्या खोक्याच्या भरवशावर अंग चोरून बसला होता, आणि समोरचा दर पाच मिनिटांनी एकच प्रश्न विचारत होता, “काका, पण किती टीबी?” काका! त्याच्या डोक्यावर माझ्याइतकेसुद्धा केस नव्हते. या अन्यायाची दाद कुठे मागायची ते ठरेपर्यंत तुझ्याकडे नोंद असू दे.

तुझं फर्मान तसं सोपं होतं. घरातले सगळे फोटो, सिनेमे, गाणी एका डबीत भरायची, ती डबी वायफायच्या शेजारी मांडायची, आणि ज्याला जे हवं ते त्याने टीव्हीवर नाहीतर फोनवर बघायचं. रोजची ‘तो फोटो कुणाच्या मोबाइलमध्ये आहे’ ही भांडणं बंद. फक्त डिस्क केवढी घ्यायची ते मी विचारून सांगायचं, दोन टीबी, चार की आठ. “दादा, तू त्यातला जाणकार आहेस,” असं तू लिहिलंस. बारके, घरात पहिला कॉम्प्युटर माझ्याकडे आला एवढंच माझं जाणकारपण. त्यावर मी आजवर लेख टाइप केले आणि पत्ते खेळलो. पण मोठ्या भावाला कुणी जाणकार म्हटलं की त्याला ते नाकारता येत नाही, हा दोष आपल्या घरात फार जुना आहे.

दुकानदाराचा हिशेब मला पटला. तो म्हणाला, “आज जेवढं आहे तेवढं मोजा, दुप्पट करा, आणि त्याच्या वरचा आकडा घ्या. आठ टीबी विकायला माझी हरकत नाही, पण रिकामं कपाट घरात आणलं की माणूस त्यात कचरा भरतो.” मग मी तुझी यादी काढली. तुझ्या अहोंचे पक्षी, साडेतीनशे जीबी. (हा माणूस दिवसभर दवाखान्यात गुरांना इंजेक्शनं देतो आणि सुट्टीच्या दिवशी एकाच बगळ्याचे चारशे फोटो काढतो. बगळा हलतसुद्धा नाही. मी बघितलेत.) भाचीची गॅदरिंगं, वाढदिवस आणि मांजर मिळून दीडशे. सिनेमे आणि गाणी चारशे. झाले नऊशे, दुप्पट अठराशे, म्हणजे दोन टीबीत काम झालं. मी उठायच्या बेतात होतो, तेवढ्यात दुकानदाराने यादीवर बोट ठेवलं. “काका, खाली अजून एक ओळ आहे.”

तुझं अक्षर. ‘आई – एक टीबी. रिकामं राहिलं तरी चालेल, कमी पडायला नको.’

त्या एका ओळीने हिशेब चार टीबीवर गेला. आणि तू कागदाच्या मागच्या बाजूला लिहिलंस तेही मी वाचलं, की डबी लागली की सगळ्यात आधी आईच लावायची, कारण परवा भाचीने विचारलं, आजी बोलायची कशी, आणि तुला नक्कल करून दाखवता आली नाही. आई गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती. तिला आजीची साडी आठवते, हात आठवतात, आवाज आठवत नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं लोकांचे कॉल जोडून दिलेल्या बाईचा आवाज तिच्या नातीला माहीत नाही.

दुकानदाराने आणखी एक गोष्ट सांगितली, ती लिहून ठेव. डबीत एकाऐवजी दोन डिस्क बसवायच्या. एकीवर जे जाईल तेच आपोआप दुसरीवर जातं, म्हणजे एक मेली तरी दुसरी असते. मी विचारलं, मग काळजी मिटली? तो हसला. “डिस्कची मिटली, माणसाची नाही. तुम्ही एकीवरचं चुकून पुसलंत तर ती दुसरीवरचंही तेवढ्याच इमानाने पुसते.” मग मी खोक्यावर सावरून बसलो आणि त्याला म्हटलं की माझ्या एका मित्राची अशी अशी भानगड झालीय, काही होईल का. दुकानात असे मित्र रोज येत असावेत, कारण त्याने माझ्याकडे न बघता विचारलं, “पुसलं गेलंय, की त्याच्यावर दुसरं लिहिलं गेलंय?” दुसरं लिहिलं गेलंय, मी म्हटलं. “केव्हा?” नऊ वर्षं झाली. तेव्हा मात्र त्याने मान वर केली. तुझे अहो एखाद्या म्हाताऱ्या गाईच्या मालकाकडे बघतात तसं माझ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच काका न म्हणता म्हणाला, “मित्राला सांगा, आता शोधत बसू नका.”

घरी येऊन मी फोन उचलला होता. तुझी वहिनी म्हणाली, “फोन नको, पत्र लिही. फोनवर तू पहिल्या मिनिटाला विनोद करशील, ती हसेल, आणि तू सुटशील.” तिच्याशी पंचवीस वर्षं संसार केल्याचे हे तोटे. पत्रातही मी स्टुलापासून सुरुवात केली, हे तिला सांगू नकोस.

तुला ते चार रविवार आठवत असतीलच, पण मला कसे आठवतात ते सांगतो. तू दुपारी आईकडे जायचीस, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, डब्यावर डबा ठेवून त्यावर तो छोटा कॅमेरा लावायचीस, आणि आई तुला एक्स्चेंजमधल्या गोष्टी सांगायची. माणूस ‘हॅलो’ म्हणायच्या आधी त्याच्या श्वासावरून तो कोण ते ती ओळखायची, ते. दोन भाऊ बारा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते आणि हिने चुकून मुद्दाम त्यांची लाइन जोडली, ते. हे सगळं मला तिच्याकडून फोनवर तुकड्या-तुकड्याने कळायचं. संध्याकाळी तू माझ्याकडे येऊन कॅमेऱ्यातलं कार्ड टेबलावर ठेवायचीस. मी ते कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचो, कार्ड रिकामं करून तुला परत द्यायचो. उतरवलेलं कधी लावून बघितलं नाही. म्हटलं, आहेच की आता. आई पण आहेच.

तो कॅमेरा दर दहा-बारा मिनिटांनी आपोआप नवा तुकडा सुरू करायचा आणि तुकड्यांना नंबर द्यायचा. एक, दोन, तीन. पहिल्या रविवारी नऊ तुकडे झाले. मी ‘आई’ नावाचा फोल्डर केला आणि त्यात ते ठेवले. पण मी कार्ड रिकामं केलं की कॅमेरा पुन्हा एकपासून मोजायला लागायचा, हे मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या रविवारचे सात तुकडे मी त्याच फोल्डरमध्ये टाकले, तेव्हा कॉम्प्युटरने विचारलं, या नावाची फाइल इथे आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का? मी लेख संपवत होतो, सकाळी पेपरला पाठवायचा होता. तू शेजारी पर्स घेऊन उभी होतीस. त्या चौकटीत एक सोय असते, पुन्हा पुन्हा विचारू नये म्हणून ‘सगळ्यांना हो’. मी ती दाबली. तिसऱ्या रविवारी पाच तुकडे होते, पुन्हा ‘सगळ्यांना हो’. चौथ्या रविवारी तीन. मशीनने मला तिन्ही वेळा विचारलं होतं, बारके. मशीनची चूक नाही.

आणि तुकडे कमी का होत गेले? आई थकत होती हे खरं, पण सगळं नाही. चौथ्या रविवारच्या पेपरात माझा तो लेख आला होता, ‘घरोघरची संग्रहालयं’. जिवंत माणसासमोर कॅमेरा लावून बसणाऱ्या, आईबापांना जेवताना, शिंकताना टिपणाऱ्या मंडळींवर. त्यात कॅमेऱ्याखाली डबा ठेवणारी एक बहीण होती. सकाळीच तू फोन करून म्हणालीस, “मस्त जमलाय रे, मी किती हसले!” त्या दुपारी तीनच तुकडे निघाले आणि पुढच्या रविवारी तू कॅमेरा आणलाच नाहीस. आईने मला विचारलं होतं, “तू लिहिलंस म्हणून ती आणत नाही का रे?” मी म्हणालो, “तिचं काय, नव्याचे नऊ दिवस.” ते वाक्य मला चांगलं जमलंय असंही वाटलं होतं.

त्यानंतर तीन वर्षांनी आई गेली, आणि त्याच महिन्यात मी फोल्डर उघडला. नऊ फाइली होत्या, पहिल्या दिवशी होत्या तेवढ्याच, म्हणून आधी काही लक्षातच आलं नाही. मग लावून बघितलं. चोवीस तुकड्यांतले पंधरा गेलेत. आईचं तीन तासांचं बोलणं मी स्वतःच्या हाताने, तिच्याच दुसऱ्या बोलण्याखाली गाडलं. तू मागितलंस तेव्हा म्हणालो, शोधतो. मग म्हणालो, फार मोठं आहे ते, डिस्क भरलीय, उघडत नाही. मग म्हणालो, मोठी डिस्क घेतली की सगळं नीट लावून देतो. सहा वर्षं मी आईला वाढवत नेलं. शेवटी तू तिच्यासाठी एक टीबी राखलास, तो माझ्या थापांच्या मापाने. सगळेच्या सगळे चोवीस तुकडे असते तरी छत्तीस जीबीत मावले असते. अहोंच्या बगळ्याला याहून जास्त जागा लागते.

जे उरलंय ते काय आहे ते आधीच सांगतो, म्हणजे भाचीसमोर तुझी फजिती होणार नाही. पहिले तीन तुकडे शेवटच्या रविवारचे, पुढचे दोन त्याआधीच्या, पुढचे दोन दुसऱ्या आणि शेवटचे दोन अगदी पहिल्या रविवारचे. म्हणजे एकपासून नऊपर्यंत लावलं की आई आधी थकलेली दिसते, मध्ये मध्ये थांबते, पाणी मागते, आणि मग हळूहळू बरी होत जाते. सातव्यापर्यंत हात हलवायला लागते. गोष्टींची सुरुवात मात्र शेवटचा रविवार सोडला तर कुठेच नाही. नुसते शेवट. दोन भाऊ एकदम मधूनच रडायला लागतात, आणि ते का रडतात ते आपल्या दोघांनाच माहीत. भाचीला तेवढं आधी सांगून ठेव. त्या भावांची सुरुवात मला जेवढी आठवते तेवढी वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवलीय. त्यात माझ्या पदरचं एक वाक्य नाही, पुन्हा पुन्हा तपासलं.

नववा तुकडा तू एकटीच असताना लाव. त्यात आई पदराने चष्मा पुसते आणि तुला विचारते, “एवढं सगळं ठेवणार कुठे तू?” तू दिसत नाहीस, फक्त आवाज येतो, “दादाकडे देते. तो नीट ठेवतो.” आणि आई म्हणते, “हां, मग काळजी नाही.” तिथे तुझा हात पुढे येतो आणि ते बंद होतं.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर: दोन टीबी घे. दोन-दोनच्या दोन डिस्क. पुरतील. आईचा खरा आकडा मला शनिवारी दुकानातच माहीत होता, खरं तर सहा वर्षं माहीत आहे. आईचे तेरा जीबी कुठेही मावतील. डबीबाहेर त्यांची आणखी एक प्रत करून दुसऱ्या घरी ठेव, असंही दुकानदार म्हणाला. ती माझ्याकडे ठेवू नकोस. रागावलीस तर फोन करून रागाव, मी विनोद करणार नाही. तुझ्या वहिनीला शेजारी बसवून ठेवीन.

पाकिटात आतल्या बाजूला चिकटपट्टीने एक कार्ड लावलंय, फाडताना जपून. नऊही तुकडे त्यावर आहेत, नंबर बदललेले नाहीत. कार्ड तुझंच आहे. चौथ्या रविवारी मी म्हटलं होतं, पुढच्या खेपेला नेशील, आणि ते माझ्या खणात राहून गेलं.

तुझाच,
दादा