न विचारता पाहिलेली स्क्रीन

सोमवार, ३ मार्च
आठांपैकी दोन उरले. साहेबांना पंधरा दिवसांत निर्णय हवाय — लोकांचे कॉम्प्युटर आपल्या जागेवर बसूनच दुरुस्त करायला आमच्या मदत कक्षाने कुठला प्रोग्राम घ्यायचा. पहिला दर वेळी समोरच्याची परवानगी मागतो. त्याने ‘हो’ दाबेपर्यंत काही दिसत नाही. दुसरा थेट आत शिरतो, समोरच्याला पत्ताही लागत नाही. टीमला दुसरा हवाय. “लोक जागेवर नसतात, ‘हो’ दाबणार कोण?” खरंय. मलाही दुसराच बरा वाटतोय.

बुधवार, ५ मार्च
दुसऱ्या प्रोग्रामची चाचणी. दहा मशीन निवडली, त्यात आस्थापना विभागातल्या घारीचं. डोळे घारे म्हणून सगळा मजला तिला घारीच म्हणतो. सहा वर्षं आम्ही दोघी एकत्र जेवतो.
आत शिरले तर ती डॉक्टरांना मेल लिहीत होती. छातीत गाठ. वीस तारखेला ऑपरेशन. ‘हे फक्त माझ्या धाकट्या बहिणीला माहीत आहे, तीच सोबत येईल. ऑफिसात कळू द्यायचं नाही.’
जोडणी होते का हे बघायला पाच सेकंद पुरतात. मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. ती लिहीत होती, खोडत होती, आणि मी वाचत होते.
चाचणीच्या तक्त्यात लिहिलं: उत्तम.

गुरुवार, ६ मार्च
जेवताना तिच्याकडे बघवेना. “काय गं, बरं नाही का?” — हे तिने मला विचारलं.

सोमवार, १० मार्च
माती खाल्ली. बोलता बोलता तोंडून गेलं — “वीस तारखेला मी रजा टाकू का?”
तिचा घास हातातच राहिला. “वीस तारखेला काय आहे?”
मी डब्याचं झाकण लावायला घेतलं.
“धाकटीने सांगितलं ना? तुझा नंबर आहे तिच्याकडे.”
मी होकारार्थी मान हलवली. बोलले काहीच नाही, फक्त मान हलवली. म्हणजे खोटं बोलले नाही, असं संध्याकाळपर्यंत स्वतःला समजावत होते.

बुधवार, १२ मार्च
दोघी बहिणींचं फाटलं. घारी मला सांगत होती, “देवाशपथ सांगितलं नाही म्हणते. लहानपणापासून तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि वर रडते. मी म्हटलं, मग येऊच नकोस.”
मी भाजीतली मिरची बाजूला काढत राहिले.

शुक्रवार, १४ मार्च
अहवाल दिला. पहिला घ्यावा, असं लिहिलं. साहेब म्हणाले, “टीम तर दुसरा म्हणतेय. कारण?” मी शेवटच्या परिच्छेदावर बोट ठेवलं: ‘चाचणीत एका व्यक्तीचा खासगी मजकूर तिच्या नकळत वाचला गेला. वाचणारी मी.’
त्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवला. “हे वाक्य काढून टाका, वर जाईल हा कागद.”
नाही काढलं.
साहेबांना सांगणं सोपं होतं.

सोमवार, १७ मार्च
घारीला सांगितलं. जिन्यात, उभ्यानेच. मेल, मान, सगळं.
ती ओरडली असती तर बरं झालं असतं. कठड्याला धरून तिने तिथेच बहिणीला फोन लावला. तीनदा. धाकटीने उचलला नाही.
“किती वाचलंस?”
“सगळं.”
“घाबरल्ये असं लिहिलं होतं, तेही?”
“हो.”
एकटीच खाली उतरून गेली.

मंगळवार, १८ मार्च
एकटीच जेवले. पहिला प्रोग्राम मंजूर. टीमचं तोंड वाकडं. मला काहीच वाटलं नाही.

गुरुवार, २० मार्च
सकाळी सहाला तिचा फोन. “धाकटी येत नाहीये. निघतेस?”
दवाखान्याच्या फॉर्मवर सोबतच्या व्यक्तीच्या जागी तिने माझं नाव लिहिलं. ‘नातं’ ही जागा कोरी ठेवली आणि पेन माझ्या हातात दिलं.