तपासणी नीलमची

पोखर्णी, ८ जानेवारी

लाडक्या नीलमला रेणुकाताईचा जिवाभावाचा आशीर्वाद.

आमी बरे आहोत. तुरी काढून झाल्या. आईचा खोकला चालूच आहे. तुझ्या सासूबाई केशरबाईंना नमस्कार सांग. शेजारची राजेश्री तुमच्या गावाला यायलीय, तिच्या हाती पेरू देते. चिठ्ठी अशासाठी, की तुमच्याकडं फोन स्पीकरवर असतो.

माझा रिपोर्ट आला. उसाची मोळी उचलेना म्हणून मुकादम मला कामचुकार म्हणायचा, आठवतं? तो आळस नव्हता. अंगात साठलेली साखर फोडणारं एक एन्झाइम असतं, ते माझ्यात नसल्यातच जमा आहे. ती साखर स्नायूंत साचत जाते अन् स्नायू आतून झिजतात. आता खाली बसले की तुझे दाजी धरून उठवतात. उताणं झोपलं की दम लागतो. त्या एन्झाइमचं सलाईन असतं, जन्मभर घ्यावं लागतं. मिळतंय का बघतो म्हणालेत डॉक्टर.

हे आईबाप दोघांकडून येतं. डॉक्टरांनी भावंडं विचारली. मी म्हणाले, एक बहीण. बाहेर आल्यावर आईनं माझा हात धरला. "नीलमला सांगू नको. लग्नाला दोन वर्षं न्हाई झाली. आणून सोडतील तिला." मी हो म्हणाले.

पण दिवाळीला तू पंगतीतून उठलीस ती दोन्ही हात मांड्यांवर टेकवून. जाड झालेय म्हणून हसलीस. मी सुरुवातीला अशीच उठायचे, नीलम. रक्त तपासून घे.

तुझ्यावर जीव असलेली,
रेणुकाताई

पेडगाव, १९ जानेवारी

ताईच्या पायांवर डोकं.

पेरू गोड होते. चिठ्ठी सासूबाईंच्या हाती पडली. त्यांना वाचता येत न्हाई, मलाच वाच म्हणाल्या. मधलं गाळत होते. पण दिवाळीचं आलं अन् ते गाळता आलं न्हाई. मग सगळंच वाचून दाखवलं. हे दारात उभे होते. तेव्हापासून माझ्याशी बोलले न्हाईत, शेतावरच झोपायलेत.

ताई, वर्ष झालं, मीसुद्धा उताणी झोपत न्हाई.

काल सासूबाई म्हणाल्या, "सोमवारी परभणीला जाऊ. मी येते संगं."

मी विचारलं, तपासणीत निघालं तर?

त्या भाकरी थापत राहिल्या. मग म्हणाल्या, "आधी बघू तर."

तिथून पेडगावला परत आणतील का पोखर्णीला सोडतील, ते सांगितलं न्हाई. मी पिशवीत दोन साड्या जास्तीच्या भरल्यात.

तुझी, अगदी तुझ्यासारखीच,
नीलम