बाजूची खोली

सोमवार, २ फेब्रुवारी

आले बाई एकदाची. भाचीने बँकेची डायरी दिली, म्हणाली, मावशी, चौथी शिकलीस, रोज लिही, नाहीतर अक्षर विसरशील. म्हणून लिहिते.

मोरिवलीतली पॅकिंगची कंपनी बंद पडली, म्हणून बारवी धरणाच्या रस्त्याला मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला लागले. जागा झकास आहे. केमिकलच्या वासाने बुजलेलं नाक इथे मोकळं झालं. पोरी आसपासच्या पाड्यांवरच्या, काटक, जेवायला वाघ. रंजनामावशी म्हणून हाक मारतात. भात करपला की तोंडावर सांगतात, ते मला आवडलं.

दुपारी सगळ्या मटार सोलायला बसल्या. श्रद्धा नववीतली, बदलापूरची. तिच्याकडे जपानी चित्रांचं जाडं पुस्तक आहे, भावाने उल्हासनगरला रद्दीवाल्याकडून आणलेलं. शेवटच्या पानावरून सुरू करायचं म्हणे. शाळेत पोरी अडकल्यात आणि बाहेर मेलेली माणसं चालतायत, चावतायत. श्रद्धा इंग्रजी वाचते आणि मराठीत सांगते, बाकीच्यांचे हात थांबतात. मी विचारलं, त्या पोरींना रांधून कोण घालतं? सगळ्या खिदळल्या. मजेत गेला दिवस.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

आज डोकं फिरलं. गोठ्याला लागून पत्र्याची खोली आहे, तिला बाजूची खोली म्हणतात. पोरीला पाळी आली की चार दिवस तिथे. ताट वेगळं, गोधडी वेगळी, शाळा बुडाली तर बुडू दे. बनूबाई, म्हणजे इथल्या अधीक्षिका, त्या पोरीसमोरून जाताना पदर छातीशी गोळा करतात आणि दोन पावलं मागे सरतात, जसा काही विस्तव पडलाय. बघून बघून पोरीही तेच शिकल्यात. सोनू पहिलीतली, नाक पुसता येत नाही, तीसुद्धा फ्रॉक गोळा करते.

मी बनूबाईंना सरळ विचारलं, "बाई, तुम्ही काय आभाळातून पडलात का?"

त्या म्हणाल्या, पगार संस्थेचा तर रीतही संस्थेची, पटत नसेल तर अंबरनाथची गाडी आहे. मी काही गेले नाही. माझं ताट घेऊन त्या खोलीच्या उंबऱ्यात जेवले, सगळ्यांच्या देखत. माझी पाळी कधीच गेली, मला कोण काय शिकवणार.

श्रद्धाला म्हटलं, तुझ्या चित्रातल्या पोरींना पाळी येते का गं? तिने पुस्तक चाळलं. नाही म्हणाली, एकीलाही नाही. मग ते कोणा बाप्याने काढलं असणार.

शनिवार, ७ फेब्रुवारी

सुट्टीहून आलेल्या पोरी तापाने फणफणल्यात. डोळे लाल, पाणी दिलं तर तोंड फिरवतात. एकीने बनूबाईंच्या मनगटाचा चावा घेतला. संस्थेचे सेक्रेटरी हिंदुराव जीपमधून आले, दारातूनच बघितलं, व्हायरल आहे म्हणाले, गोळ्यांचा पुडा फेकला. मी म्हटलं, दवाखान्यात न्या. म्हणाले, संस्थेचं नाव खराब होतं. नाव! पोरी जळतायत आणि याला नावाची पडलीय.

श्रद्धा आजपासून बाजूच्या खोलीत आहे.

रविवार, ८ फेब्रुवारी

काहीही होवो, लिहिणार.

सकाळी तापातल्या पोरी गेल्या. दुपारी उठल्या. श्रद्धाच्या पुस्तकात आहे तशाच. चावल्या, ज्यांना चावल्या त्याही उठल्या. बनूबाईपण. जीप घेऊन आलेल्या हिंदुरावने बाहेरून फाटकाला कुलूप घातलं आणि जीपमधल्या आपल्या बायकापोरांना घेऊन पळाला. जिवंत पोरी आत ओरडत होत्या, त्याने काच वर केली. नाव लिहून ठेवते. हिंदुराव. कोणी वाचलं तर सोडू नका.

मी स्वयंपाकघरात होते. सोनूला काखोटीला मारलं, आठवीतल्या जिजाचा हात धरला आणि सर्वांत जवळ होती त्या बाजूच्या खोलीत शिरले. खोलीला दार नाही, नुसता पडदा. श्रद्धा उंबऱ्यात बसून रडत होती. ती सगळी आमच्या मागोमाग आली. पुढे बनूबाई. संपलं, म्हटलं मी.

बनूबाईने श्रद्धाकडे बघितलं. पदर छातीशी गोळा केला. दोन पावलं मागे सरली. मागच्या पोरीपण सरल्या, रक्ताने भिजलेले फ्रॉक गोळा करून.

मेल्या तरी शिवाशिव गेली नाही यांची.

मंगळवार, १० फेब्रुवारी

श्रद्धा उंबऱ्यात, आम्ही तिच्या मागे. तीच जाऊन पाणी, तांदूळ आणते. ती निघाली की वाट मोकळी होते. फोन लागत नाही. शेवटी भाचीशी बोलले तेव्हा अंबरनाथ पश्चिमेलाही असंच चाललंय म्हणाली. मग कट.

आज श्रद्धाचा चौथा दिवस संपतो. माझं आटलेलं, सोनूचं अजून सुरू नाही. उरली जिजा. तिला विचारलं, कधी येईल? ती म्हणाली, आज यायला हवी होती. पोरीला वाटतंय चूक तिचीच. मी म्हटलं, चूक तुझी नाही गं, ज्यांनी हे यांच्या डोक्यात भरलं त्यांची आहे.

बुधवार, ११ फेब्रुवारी

जिजाला आली. हात जोडले. देवाला नाही, जिजाला.

श्रद्धा सवयीने पाण्याला गेली आणि पोरी तिच्या अंगावर आल्या. जिजा धावली, तिचा हात पकडला. थांबल्या. मागे सरल्या. जिजाला शिवलेलीही चालते तर. हीपण बनूबाईचीच रीत, शिवलीस तर तूही तशीच.

सकाळी धरणापलीकडे धूर दिसला. जिजा म्हणते, तो तिच्या पाड्यावरचा, बाबाची चूल. बाबाचीच म्हणू या. चूल पेटते म्हणजे माणसं आहेत.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

उद्या जिजाचा चौथा. उद्याच निघायचं. सोनू तिच्या पाठीवर, श्रद्धा हाताला. पण सगळी फाटकाशी दाटून उभी आहेत, मागे सरतील कुठे? आणि फाटक चढताना हात सुटणार. कोणीतरी त्यांना इकडे ओढायला हवं.

श्रद्धा म्हणाली, पुस्तकात असं करणारी एक असते. पुढे तिचं काय होतं ते सांगेना. मी म्हटलं, नको सांगू. ती बया कधी शंभर पोरींचा भात टाकायची का?

जिजा रडली. दटावली तिला. रडून दिवस वाढणार नाहीत.

शनिवार १४

स्वयंपाकघरात आहे. जिजा दारापर्यंत सोडून गेली. कडी लावली, पत्र्याचंच दार आहे. खिडकीतून फाटक दिसतं.

थाळी वाजवली पळीने. वळल्या. सगळ्या. उपाशी गेल्या ना —

येतायत. फाटक मोकळं.

श्रद्धा चढली. सोनूला वर घेतलं. जिजा —

थांबायचं नाही. परत वाजवली.

उतरल्या पलीकडे. तिघी. हात धरला परत. रस्त्याला लागल्या. सोनूने मागे बघितलं. बघू नको, जा —

दार हलतंय. बनूबाई पुढे. पदर नाही गोळा केला. बघा, मला शिवायला चालतं तुम्हाला.

वळण. दिसत नाहीत. गेल्या. धूर आहे अजून.

कडी गेली.

या. ढकलू नका. रांगेत या म्हटलं ना, एकेक —

रां