पट्टी आणि चार पर्याय

४ जाने., रवि.
मयूला आज सात पट्ट्या. ओंडक्याचं गणित. सहा तुकडे करायचे, एका कापाला पाच मिनिटं, एकूण किती? म्हणे तीस. अगं, सहा तुकड्यांना काप पाचच लागतात! पंचवीस! कालही सांगितलं, परवाही. पट्टी आडवी धरून बोटांच्या पेरांवर दिली. मग आलं.
हे कापसाच्या जिनिंगमधून आले. "काहून मारून राह्यली तिले? दहा वर्साची पोरगी हाय." म्हटलं, मग तुम्ही शिकवा. ताट ओढून जेवायला बसले.
निवासी शाळेची प्रवेश परीक्षा १८ ला. नंबर लागला तर सहावी ते बारावी सगळं तिथंच. मी बी.एस्सी. गणित, पहिला वर्ग, आणि ढाणकीत भाकरी थापते. मयूचं असं होऊ देणार नाही म्हणजे नाही.

७ जाने., बुध.
वीसपैकी अठरा! नळ, सरासरी, वयवारी, सगळं. मी पट्टी घेऊन शेजारी. ती पर्यायावर पेन्सिल टेकवते, माझ्याकडे बघते, मग गोल करते. आता मारावंही लागत नाही, पट्टी नुसती उचलली की भानावर येते. शहाण्याला शब्दाचा मार. हिला पट्टीचा.

१० जाने., शनि.
शिकवणीत सराव पेपर. वीसपैकी पाच. पाच!! सर म्हणाले, "ताई, पोरगी पेपरात पाहेच ना. सारखी माह्याकडंच पाहून राह्यली होती."
घरात शिरताच वेणी धरली. "मुद्दाम करून राह्यली काय?" ढकललं. कपाट उघडं होतं, दाराची कड कानावर बसली. रक्त फ्रॉकवर, वहीवर. ती ओरडली नाही, मी ओरडले. यांनी पट्टी हिसकून मोडली. "आता हात उचलला तं पाहून घेजो!"
दोन टाके. डॉक्टरांनी मला विचारलं, मयूनंच उत्तर दिलं, "घसरून पडली मी."
आणि तरी, खोटं कशाला लिहू, परत येताना डोक्यात एकच. आठ दिवस राहिले.

१४ जाने., संक्रांत
गुळाच्या पोळ्या. दोन्ही हात कणकेत. मयू ओट्याजवळ पाटावर, वही घेऊन. शंभर मीटर रस्ता, दर दहा मीटरवर झाड, दोन्ही टोकांनाही झाड. किती झाडं? पर्याय ९, १०, ११, १२.
पेन्सिल ९ वर. माझ्या हातांकडे पाहिलं. १० वर, पाहिलं. ११. १२. परत ९.
"काय करून राह्यली मयू?"
"आई, तू हात काढ ना."
घरचे ते अठरा तिचे नव्हतेच. मी पट्टी उचलली की पेन्सिल पुढच्या पर्यायावर. एवढंच शिकली ती माझ्याकडून. सरांच्या हातात पट्टी नव्हती, म्हणून पाच. आणि त्याबद्दल मी तिचा कान फोडला.
संध्याकाळी हळदीकुंकवाला शेजारच्या काकू. "कानाले काय झालं वं?" मी म्हटलं, "पडली." मी सगळ्यांना तिळगूळ वाटत होते. लाज वाटली स्वतःची.

१६ जाने., शुक्र.
माझे हात मागे, ओढणीनं. यांच्याकडून बांधून घेतले. हसले नाहीत ते.
मयू ओंडक्याच्या एकाच गणितावर तासभर. बांधलेले हात शिवशिवत होते, त्यांचीच किळस आली. मग ती उठली, भाजीच्या पिशवीतून शेवग्याची शेंग काढली, मोडत गेली. सहा तुकडे.
"पाचदाच मोडली!"
आणि माझ्याकडे पाहिलं, बरोबर का म्हणून. मी डोळे मिटून घेतले. बऱ्याच वेळानं उघडले तर वही कोरी.

१८ जाने., रवि., उमरखेड
पहिल्या बसने आलो. फाटकाशी हे तिला पाणी पाजत होते. मधेच म्हणाली,
"आई, आतल्या मॅडम मारतात का?"
"नाही वं. कोणीच मारत नाही."
"मंग चुकलं तं मले कसं समजंल?"
घंटा झाली. यांनी तिला रांगेत उभं केलं. आत जाताना तिनं वळून पाहिलं. तोंडाकडे नाही, माझ्या हातांकडे. मी ते ओढणीत लपवले.
यांनी चहा आणला, नको म्हटलं. भिंतीला टेकून हे लिहिते आहे. दोन तासांचा पेपर, चाळीस मिनिटं झाली.