खंडेनवमीला घासलेला मायक्रोस्कोप

किलकेनी, आयर्लंड,
कोजागरीच्या आदल्या दिवशी

तीर्थरूप दादा यांना,

जावयाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग मनानेच, इथल्या स्वयंपाकघरात तेवढी जागा नाही.) आई आणि आम्ही सगळे इथे मजेत आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? पोळ्यांच्या बाई वेळेवर येतात ना?

माझा पितळी मायक्रोस्कोप तुम्हाला आठवत असेल. (व्हिडिओ कॉलवर मी दाखवत होतो आणि तुम्हाला डुलकी लागली, तोच.) दीडशे वर्षांपूर्वी लंडनच्या कुणा कारागिराने घडवलेला. ही मंडळी पितळ गरम करून त्यावर लाखेचं सोनेरी व्हार्निश अशा हलक्या हाताने फिरवत, की ब्रशची एक रेघ दिसू नये. ते काळवंडलं तरी खरवडायचं नसतं. शौकीन लोक त्याला पाप समजतात. हे मी घरात सगळ्यांना सांगितलं होतं, फक्त आईंना सांगायचं राहिलं.

खंडेनवमीला आईंनी विचार केला, जावई पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे त्याचं शस्त्र हेच. मग पूजेला ते कळकट कसं ठेवायचं? चिंच, मीठ आणि आईंचं मनगट! मी ड्यूटीवरून आलो तर पाटावर मायक्रोस्कोप नव्या तांब्यासारखा लखलखत होता, आणि कुंकू नेमकं भिंगाला लावलेलं. मी "वा!" म्हणालो. आवाज जरा चिरकला, पण म्हणालो. कुंकू पुसायचं काही धाडस झालं नाही.

शनिवारी डेसमंड आले. निवृत्त मास्तर, असलेच मायक्रोस्कोप जमवतात. त्यांनी भिंगाला डोळा लावला (सगळं लालच दिसलं असणार) आणि बऱ्याच वेळाने "इट्स ग्रँड" म्हणाले. इथे छप्पर उडालं तरी ग्रँडच असतं. मग ते त्या कारागिरांच्या हाताबद्दल, व्हार्निशबद्दल इतकं जीव ओतून बोलले, की आईंनी विचारलं, काय म्हणतायत हो? मीही रंगात येऊन शब्दन्‌शब्द मराठीत सांगितला. तुमची नंदिनी टेबलाखालून मला लाथा मारत होती. मला वाटलं, तिच्या पायाला मुंग्या आल्यात.

तेव्हापासून आई घरात कशालाच हात लावत नाहीत. पाणीसुद्धा विचारून घेतात. मला फार वाईट वाटतंय, दादा.

बाकी क्षेम.

आपला,
हृषीकेश

ता. क. : आई तुम्हाला परतीचं तिकीट अलीकडच्या तारखेचं काढायला सांगतील. कृपा करून काढू नका. साइट बंद आहे म्हणा. मायक्रोस्कोप मला खरंच असाच आवडायला लागलाय. पण मी म्हटलं की त्यांना वाटतं, मी नुसती समजूत घालतोय. तुम्ही फोनवर सांगितलंत तर पटेल.

ता. क. २ : आत्ता स्वयंपाकघरातून काहीतरी घासल्याचा आवाज येतोय. काय घासतायत, ते बघायला मी मुळीच जाणार नाही.