किल्ली लावू नकोस

योस्ट, दार उघडू नकोस, आधी हे वाच.

तू ऑफिसला गेल्यावर मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. न्हाणीघरातून तुझी हाक आली, "माराइके, टॉवेल दे गं!" तू परत आलास असं वाटून मी दाराच्या फटीतून टॉवेल दिला. ओल्या, गार हाताने तो घेतला. तेवढ्यात तुझा फोन आला, ऑफिसातून. फोन तिथेच टाकून मी पळाले.

खाली ओर्नेलाबाईंकडे आहे. त्या म्हणाल्या, "अगं पोरी, तुमच्या घरात आधी राहणाऱ्या पोलिश जोडप्यालाही तो त्यांच्याच भाषेत बोलवायचा. घरात जे ऐकतो ते शिकतो मेला!"

म्हणून खाली आलास की मला आपल्या डचमध्ये हाक मारू नकोस, मी इथलं दार उघडणार नाही. तुझ्या त्या मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये मार. घरात आपण ती कधी बोललो नाही.

माराइके