किमान लागणारा कॉम्प्युटर

९ नोव्हेंबर

ठमे,

अनेक आशीर्वाद. घ्यायचे की परत पाठवायचे, ते तू बघ. पत्ता आत्याकडून मिळवला. तिच्यावर चिडू नकोस, मीच हात धुऊन मागे लागलो होतो.

माझी तब्येत ठणठणीत. गुडघे कुरकुरतात, पण त्यांचं ऐकतो कोण! मागच्या शेडमधलं लेथ मशीन विकल्यापासून वेळ जाता जात नाही, म्हणून म्हटलं, एक कॉम्प्युटर जोडावा. गेम खेळायचा. हसू नकोस.

दुकानदाराने आधी असं ग्राफिक्स कार्ड दाखवलं की तेवढ्यात स्कूटर आली असती. म्हटलं, "बाबा रे, अंथरूण पाहून पाय पसरू दे." मग त्याने एक वापरलेलं कार्ड काढलं. पंखा घरघरतो, पण चालतं. प्रोसेसरही जुनाच घेतला. पॉवर सप्लायमध्ये मात्र त्याने काटकसर करू दिली नाही. "काका, हा गेला तर बाकीच्यांना घेऊन जाईल." पटलं मला. नंतर विचारतो, "नातवासाठी का?" मी सरळ हो म्हणून मोकळा झालो.

घरी आलो तर कार्ड केसमध्ये बसेना! व्हर्नियर लावून मोजलं. अकरा मिलिमीटर जास्त. चाळीस वर्षं मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब केला, आणि दुकानात साधी लांबी मोजायचं सुचलं नाही. मग आतली डिस्कची चौकट करवतीने कापली, कडा कानशीने घासल्या. चपखल बसलं. "बघ गं," असं मोठ्याने म्हणूनही गेलो. तुझी आई जाऊन दोन वर्षं झाली, तरी जीभ ऐकत नाही. ती गेली तेव्हाही आपण दोघं एकमेकांशी बोललो नाही.

आता खरं सांगतो. वेळ जात नाही हे निमित्त. आत्या म्हणाली, तू बनवलेला गेम बाजारात आला. तो चालायला किमान काय काय लागतं त्याची यादी होती, ती कागदावर उतरवली आणि दुकान गाठलं. किमानच झेपलं.

त्या दिवशी "ही थेरं बंद" म्हणत तुझ्या कॉम्प्युटरची पिन उपटली, तेव्हा तू काय करतेयस हे मला ठाऊक नव्हतं. विचारलंही नाही. चुकलं माझं, ठमे. हे लिहायला मला सहा वर्षं लागली.

गेममध्ये पहिले दोन दिवस नुसता भिंतींवर आपटत होतो. काल त्यातली मुलगी एका घराच्या मागच्या शेडमध्ये शिरली. आत लेथवर वाकलेला माणूस. माझाच बनियन, कानामागे माझीच पेन्सिल. मी तिला त्याच्या शेजारी नेऊन उभं केलं.

तो मान वर करत नाही. कीबोर्डवरची एकूण एक कळ दाबून पाहिली. तासभर पोरगी ताटकळत उभी, आणि हा आपला कामात! इतका राग आला मला त्याचा, की रडूच फुटलं.

त्याने तिच्याकडे बघावं, अशी एखादी कळ ठेवली असशील तर कळव. नसेल ठेवली, तर तसं कळव. पण कळव.

मान वर करून वाट बघणारा,
तुझा बाबा